स्प्रिंग ब्रेकमध्ये सहकुटुंब वाळवंटात: जोशुआ ट्री ते डेथ व्हॅली, सात दिवसांचा मोटारप्रवास

अमेरिकेतल्या शाळांची वसंत ऋतूतली आठवडाभराची सुट्टी बहुतेक ठिकाणी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीतरी येते आणि नेमकी कोणत्या आठवड्यात येते हे प्रत्येक शाळाजिल्हा स्वतंत्रपणे ठरवतो. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा आठवडा वाळवंट पाहण्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे. डेथ व्हॅलीच्या तळाशी दुपारचे सरासरी कमाल तापमान मार्चमध्ये २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एप्रिलमध्ये ते ३३ पर्यंत चढते आणि जूनमध्ये ४३ वर जाते. मुले आणि भारतातून आलेले आजी-आजोबा यांना बरोबर घेऊन हा प्रदेश पाहायचा, तर वर्षातले जे थोडे आठवडे सोयीचे असतात, त्यांत हा आठवडा मोडतो. सुट्टी एप्रिलच्या मध्याला येत असेल, तर ३८ अंशांच्या दुपारचीही तयारी ठेवावी.

पुढे दिलेला मार्ग लॉस एंजेलिसहून निघून जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान, मोहावी वाळवंट आणि डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान करत पुन्हा लॉस एंजेलिसला येतो. तो संपूर्णपणे कॅलिफोर्नियातच आहे आणि आतल्या फेऱ्या धरून सुमारे ९०० मैलांचा होतो. प्रेक्षणीय स्थळांची यादी करून ती दिवसांत वाटून टाकण्याची आपली नेहमीची पद्धत इथे उपयोगाची नाही. इथे दिवस आधी उन्हाप्रमाणे कापून घ्यावा लागतो. सूर्योदयापासून दहा वाजेपर्यंत चालायचे, दहा ते चार गाडीत, सावलीत किंवा उंचावर काढायचे आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडायचे. मार्चच्या शेवटी सूर्यास्त सायंकाळी सातच्या सुमारास होत असल्याने संध्याकाळचे तीन तास पुरेसे मोकळे मिळतात.

आरक्षण आणि तारखा

पहिली पायरी मुक्कामाची आहे आणि ती सहा महिने आधी उचलावी लागते. जोशुआ ट्रीमधील इंडियन कोव्ह, जंबो रॉक्स यांसारखी तंबूची ठिकाणे आणि डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीकचे तंबूस्थळ यांचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी खुले होते आणि वसंतातील शनिवार-रविवार फार लवकर भरतात. जंबो रॉक्सला नळाचे पाणी नाही, स्नानाची सोय तर पार्कमध्ये कुठल्याच तंबूस्थळी नाही, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे. ज्यांना तंबू नको, त्यांनी पहिल्या दोन रात्री ट्वेंटीनाईन पाम्स या गावातल्या मोटेलमध्ये आणि पुढच्या रात्री फर्नेस क्रीक व स्टोव्हपाइप वेल्स इथल्या निवासांत काढाव्यात. डेथ व्हॅलीच्या आतली निवासस्थाने महाग आहेत. तरीही मी तिथेच राहण्याचा सल्ला देईन, कारण पार्कबाहेर स्वस्तात राहून रोज ये-जा केली, तर पहाट आणि संध्याकाळ, म्हणजे ज्यासाठी आलो तेच, रस्त्यावर संपते.

प्रवेशशुल्काचा हिशेब एकदा नीट करून घ्यावा. जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली यांचा सात दिवसांचा मोटारीचा परवाना प्रत्येकी ३० डॉलरला मिळतो आणि मोहावी नॅशनल प्रिझर्व्हला शुल्क नाही. अमेरिकेच्या रहिवाशांसाठी सर्व राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलरचा आहे. तेव्हा वर्षभरात तिसरे उद्यान होणार असेल तरच तो परवडतो. घरातले एखादे मूल चौथीत शिकत असेल, तर मात्र काहीच खर्च नाही. चौथीच्या मुलांना सरकारतर्फे वर्षभराचा मोफत पास मिळतो आणि त्या पासावर गाडीतले सगळे कुटुंब आत जाते. आमच्याकडे ही गोष्ट थोरला मुलगा पाचवीत गेल्यावर कळली.

तारीख निवडण्याची थोडी मोकळीक असेल, तर घरातले पंचांग काढावे. जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली या दोन्ही उद्यानांना काळोख्या आकाशाची आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. गुढीपाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे अमावास्येच्या लगेच दुसऱ्या दिवशी असतो. तो बहुतेक वर्षी मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात येत असल्यामुळे सुट्टी पाडव्याला लागून आली, तर आकाशात चंद्राचा अडथळा जवळजवळ नसतो आणि तारे पाहायला याहून चांगल्या रात्री नाहीत. सुट्टी चैत्री पौर्णिमेच्या, म्हणजे हनुमान जयंतीच्या बाजूला पडली, तर ताऱ्यांचा नाद सोडावा आणि चांदण्यात वाळूच्या टेकड्यांवर चालावे. दोन्हींत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. मधली अष्टमी मात्र ना इकडची ना तिकडची.

गाडी

या मार्गासाठी साधी चारचाकी पुरते, मोठ्या चाकांची गाडी लागत नाही. गाडीपेक्षा टायर महत्त्वाचे आहेत. निघण्यापूर्वी टायरची झीज, इंजिन थंड ठेवणारे द्रव, बॅटरी आणि वातानुकूलन तपासून घ्यावे. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना, दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, पण म्हणून हवा सोडू नये. डिकीत जादा चाक खरोखरच आहे का, हे उघडून पाहावे, कारण अलीकडच्या अनेक गाड्यांत चाकाऐवजी फक्त पंक्चर बुजवण्याचे साहित्य असते आणि दगडाने टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग होत नाही. गाडी भाड्याची असेल, तर करारातील कच्च्या रस्त्यांविषयीचे कलम वाचावे. बरेच करार कच्चा रस्ता पूर्ण वर्ज्य मानतात आणि तसे असेल, तर पुढे येणारा केल्सोच्या टेकड्यांचा फाटा गाळावा लागेल.

पेट्रोलचा नियम सोपा आहे: टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपावर भरायची, भाव कितीही असो. जोशुआ ट्रीच्या आत पंप नाही. ट्वेंटीनाईन पाम्स सोडल्यावर बेकर हे गाव येईपर्यंत सुमारे १२० मैल भरवशाचा पंप नाही. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्ज इथे पेट्रोल मिळते, पण शहरापेक्षा पुष्कळ महाग. विजेची गाडी असणाऱ्यांना बेकरला जलद चार्जिंग मिळेल. डेथ व्हॅलीत मात्र चार्जरची संख्या थोडी आणि वेग कमी असल्याने रात्रभर गाडी लावता येईल असाच मुक्काम निवडावा.

फोनवर विसंबून राहणे ही या भागातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जोशुआ ट्रीच्या बहुतेक भागात आणि मोहावीत संपर्क नसतो, तर डेथ व्हॅलीत तो मुख्यतः फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्सच्या आसपास, तोही अधूनमधून मिळतो. नकाशे आधी फोनमध्ये उतरवून घ्यावेत, शिवाय व्हिजिटर सेंटरमध्ये मिळणारा कागदी नकाशा गाडीत ठेवावा. दिशादर्शक ॲप जवळचा म्हणून एखादा कच्चा रस्ता सुचवील. तो घेऊ नये. १९९६ च्या जुलैमध्ये चार जर्मन पर्यटक, त्यांत दोन मुले, भाड्याच्या साध्या व्हॅनने डेथ व्हॅलीतील अशाच एका दुर्गम घळीत शिरले. त्यांची व्हॅन ऑक्टोबरमध्ये सापडली आणि मोठ्यांचे अवशेष मिळायला २००९ साल उजाडले. यातून घ्यायचे दोन नियम असे: गाडी बंद पडली, तर गाडीजवळच थांबायचे, कारण शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी आधी दिसते, आणि रोज सकाळी आजचा मार्ग व पोहोचण्याची वेळ घरी राहिलेल्या कोणाला तरी कळवायची. उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय अलीकडच्या काही फोनमध्ये असते, ती घरीच एकदा शिकून घ्यावी.

पाणी आणि शिदोरी

माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे चार लिटर पाणी हे किमान प्रमाण आहे आणि चालायचे असेल तर याहून जास्त लागते. पाच माणसांना दोन दिवसांचे दहा गॅलन गाडीत कायम असावेत आणि रोज सकाळी ते पुन्हा भरून घ्यावेत. तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण इथे शब्दशः खरी आहे, फरक इतकाच की खणले तरी पाणी लागत नाही. डेथ व्हॅलीत वर्षाला जेमतेम दोन इंच पाऊस पडतो आणि हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आत वाळून जातो. मुंबई-कोकणातून आलेल्या आजी-आजोबांना याचा अंदाज येत नाही. घाम नाही म्हणजे पाणी नको, असे त्यांना वाटते. शिवाय वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने ती मंडळी मुद्दाम कमी पितात. म्हणून पुढचे स्वच्छतागृह किती मैलांवर आहे, हे त्यांना आधीच सांगत राहावे. उद्यानांतली बरीच स्वच्छतागृहे बिनपाण्याची असतात, तेव्हा ओले रुमाल आणि हात धुण्यापुरती पाण्याची वेगळी बाटली पुढच्या सीटखाली असावी. नुसते पाणी फार पिऊनही भागत नाही. लिंबू, साखर आणि मीठ घातलेले सरबत किंवा कोकमाचे आगळ दिवसातून दोन वेळा द्यावे.

खाण्याच्या बाबतीत आपला जुना रेल्वेप्रवासाचा अनुभव उत्तम कामाला येतो. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, चिवडा आणि लाडू या गोष्टी उन्हात टिकतात. चॉकलेट, केळी आणि दही टिकत नाही. मुक्कामाच्या खोलीत विजेची छोटी किटली किंवा कुकर लावू देत असतील, तर मेतकूट-भात आणि तूप एवढ्यावर संध्याकाळ सुखाची होते. जोशुआ ट्रीच्या आत खाद्यपदार्थ विकत मिळत नाहीत. मोठी किराणा दुकाने वाटेवरच्या युक्का व्हॅली गावात आहेत, बर्फ आणि फळे तिथेच घ्यावीत.

कपडे सुती, सैल आणि पूर्ण बाह्यांचे असावेत, रुंद काठाची टोपी प्रत्येकाला हवी. त्याबरोबर स्वेटरही घ्यावेत, कारण जोशुआ ट्रीच्या उंच भागात वसंतातल्या रात्री १० अंशांच्या खाली जातात. एक कंगवाही हवा, तो कशासाठी ते दुसऱ्या दिवसाच्या टिपणात येईल.

पहिला आणि दुसरा दिवस: जोशुआ ट्री

लॉस एंजेलिसहून पश्चिम प्रवेशद्वार सुमारे १४० मैलांवर आहे, पण सुट्टीत तिथे मोटारींची लांब रांग लागते. मुक्काम ट्वेंटीनाईन पाम्सला असेल, तर थेट तिथे जाऊन उत्तरेच्या दारातून आत शिरणे सोयीचे पडते. पहिल्या संध्याकाळी फक्त स्कल रॉकच्या आसपासच्या खडकांवर मुलांना खेळू द्यावे. खडकांच्या फटींत हात घालायचा नाही, एवढा एकच नियम सांगावा, कारण वसंतात ऊब वाढली की रॅटलस्नेक हे विषारी साप बाहेर पडू लागतात. व्हिजिटर सेंटरमधून मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका घ्यावी. ती भरून दाखवली की रेंजर शपथ देऊन बिल्ला देतात आणि त्या बिल्ल्यासाठी मुले पुढचे दोन दिवस तक्रार न करता चालतात.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला चोया कॅक्टस गार्डन गाठावे. कोवळे ऊन मागून आले की चोया निवडुंगाचे लाखो काटे पेटल्यासारखे दिसतात. पाव मैलाची पायवाट आहे, आजींनाही झेपते. मात्र या निवडुंगाचे तुकडे जरा स्पर्श होताच सुटून कपड्यांना आणि कातडीला चिकटतात. काट्यांना बारीक उलटी खवले असल्याने बोटांनी काढू गेल्यास बोटेही अडकतात. कंगवा तुकड्याच्या खाली सरकवून झटक्यात उडवायचा आणि राहिलेले काटे चिमट्याने ओढायचे, ही इथली खात्रीची युक्ती आहे.

या उद्यानात दोन वाळवंटे भेटतात: पूर्वेकडील सखल भागात कोलोरॅडो आणि पश्चिमेच्या उंच भागात मोहावी. जोशुआची झाडे मोहावीच्या बाजूला दिसतात, चोयाच्या बाजूला नाहीत. ही सीमा मुलांना गाडीतूनच शोधायला सांगावी. हे झाड खरे तर युक्काच्या जातीचे आहे आणि त्याचे परागीभवन एक विशिष्ट पतंग करतो, ज्याच्या अळ्या त्याच झाडाच्या काही बिया खाऊन वाढतात. दुपारी मुक्कामी परतून झोपावे. चारनंतर हिडन व्हॅलीची एक मैलाची प्रदक्षिणा करावी आणि सूर्यास्ताला ५,१८५ फुटांवरच्या कीज व्ह्यूला पोहोचावे. तिथे गाडीतळापासून दोन मिनिटांत कठडा येतो. खाली कोचेला खोरे, लांबवर सॉल्टन सी आणि मधून गेलेली सॅन अँड्रियास ही भूकंपाची भेग दिसते. वारा मात्र बोचरा असतो.

तिसरा दिवस: मोहावी ओलांडून

हा सर्वांत लांब टप्पा, सुमारे २३५ मैलांचा. आदल्या संध्याकाळी रस्त्यांची स्थिती अवश्य तपासावी, कारण या भागातले पूल आणि रस्ते पुरात वाहून जाऊन महिनोन्महिने बंद राहतात. ट्वेंटीनाईन पाम्सहून आम्बॉय, तिथून जुन्या रूट ६६ या महामार्गावरून थोडे पूर्वेला जाऊन केलबेकर रस्त्याने केल्सो आणि पुढे बेकर, असा हा मार्ग आहे. काही बंद असल्यास आम्बॉयहून पश्चिमेला लडलो, बारस्टो आणि महामार्गाने बेकर हा वळसा घ्यावा.

केल्सोच्या वाळूच्या टेकड्या सुमारे ६५० फूट उंच आहेत आणि मुख्य रस्त्यापासून तीन मैल कच्च्या वाटेवर. कोरडी वाळू उतारावरून एकदम घसरली की तिच्यातून विमानाच्या दूरच्या घरघरीसारखा खर्जातला आवाज निघतो. तो ऐकायचा तर माथ्यापर्यंत तीन मैलांची जा-ये आहे आणि सकाळी दहाच्या आत पोहोचलात तरच तिच्या वाटेला जावे. उशीर झाला, तर पायथ्याशीच खेळून निघावे. केल्सोचे १९२४ मधले रेल्वे स्थानक बाहेरून पाहण्यासारखे आहे. तिथे पाणी मिळेलच हे गृहीत धरू नये. बेकरला पेट्रोल, जेवण आणि १३४ फुटी तापमापक. हा आकडा १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीकला नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. पुढे शोशोनी आणि डेथ व्हॅली जंक्शनवरून दिवस मावळण्यापूर्वी फर्नेस क्रीकला पोहोचावे. वाटेत पावसाची चिन्हे दिसली आणि कोरड्या ओढ्यातून पाणी वाहत असेल, तर ते कितीही उथळ वाटले तरी गाडी घालू नये. पाऊस दूरच्या डोंगरावर पडलेला असतो आणि लोंढा इथे येतो.

चौथा आणि पाचवा दिवस: डेथ व्हॅली

चौथ्या दिवशी झाब्रिस्की पॉइंटला सूर्योदय पाहावा आणि लगेच गोल्डन कॅन्यनमध्ये जमेल तितके आत चालून दहाच्या आत बाहेर पडावे. तिथून १५ मैलांवर बॅडवॉटर हे मिठाचे मैदान आहे, समुद्रसपाटीपासून २८२ फूट खाली. मागच्या कड्यावर समुद्रपातळी दाखवणारी पाटी उंच लावलेली आहे. ती शोधताना मुलांची मान मागे जाते तेव्हा आपण किती खाली आहोत हे त्यांना उमगते. मिठावर फार लांब जाऊ नये, परतीचे अंतर फसवते. दुपार फर्नेस क्रीकच्या व्हिजिटर सेंटरमध्ये आणि विश्रांतीत घालवावी. जवळच हार्मनी बोरॅक्स वर्क्स आहे. १८८३ ते १८८८ या काळात इथून टाकणखाराच्या मोठ्या गाड्या खेचरांच्या लांबलचक जोडणीने मोहावी गावच्या रेल्वे स्थानकापर्यंत ओढत नेल्या जात. हे खोरे टिंबिशा शोशोनी लोकांचे आहे आणि त्यांची वस्ती आजही फर्नेस क्रीकला आहे, तेव्हा त्यांच्या घरांकडे कॅमेरा रोखू नये. चारनंतर आर्टिस्ट्स ड्राइव्हची नऊ मैलांची एकेरी वाट घ्यावी. तिथले हिरवे-गुलाबी डोंगर उतरत्या उन्हातच रंग दाखवतात.

पाचव्या दिवशी सकाळ आळसात गेली तरी चालेल, कारण दुपारी दांतेज व्ह्यूला जायचे आहे. ही जागा ५,४७५ फुटांवर असल्याने खोऱ्यापेक्षा पुष्कळ थंड असते. छायाचित्रकार इथे पहाटे येतात. लहान मुले असलेल्या कुटुंबाने मात्र इथे डबा घेऊन भर दुपारी यावे, हे मी अनुभवाने सांगतो. तिथून स्टोव्हपाइप वेल्सला मुक्काम हलवून संध्याकाळी मेस्किट फ्लॅटच्या वाळूत अनवाणी चालावे. उन्हे कलल्यावरच चपला काढाव्यात. पाडवा या मुक्कामी आला, तर तंबूच्या काठीला गुढी बांधता येते. कडुनिंब आणि साखरगाठी घरून न्याव्या लागतील आणि वारा असेल तर तांब्या नीट आवळून बांधावा. जागेवरून सरकणाऱ्या दगडांचे रेसट्रॅक प्लाया हे कोरडे तळे या फेरीत जमवू नये, शेवटचा २७ मैलांचा दगडगोट्यांचा रस्ता साध्या टायरांचा बळी घेतो.

सहावा आणि सातवा दिवस: परतीची वाट

सकाळी मोझेक कॅन्यनचा सुरुवातीचा गुळगुळीत संगमरवरी भाग पाहून पश्चिमेला निघावे. टाउन पास ही खिंड जवळजवळ ५,००० फुटांवर आहे. चढावर इंजिनाचा काटा वर जाऊ लागला तर वातानुकूलन थोडा वेळ बंद करावे. उतारावर खालचा गिअर लावावा, सतत ब्रेक दाबून ठेवले तर ते तापून निकामी होतात. पॅनामिंट खोऱ्यातून ट्रोनामार्गे रिजक्रेस्टला मुक्काम करून सातव्या दिवशी रेड रॉक कॅन्यन या राज्य उद्यानातून लॉस एंजेलिसकडे उतरावे. पॉपीचा बहर असेल तर लँकेस्टरजवळच्या राखीव माळावर थांबावे, फुले तोडू नयेत आणि पायवाट सोडू नये.

घरी पोहोचल्यावर गाडी खालच्या बाजूने धुऊन घ्यावी, कारण बॅडवॉटरचे मीठ पत्र्याला लागलेले असते, आणि इंजिनाच्या हवेची गाळणी काढून झटकावी. मुलांचे बूट घरात आणण्यापूर्वी दाराबाहेर उलटे करून तळ पाहावेत. आमच्या स्वयंपाकघरात चोयाचा एक तुकडा तीन आठवड्यांनी, पायपुसण्यात सापडला होता.